चाळीस सेकंदांची नऊवारी

एडिसन, न्यू जर्सी
९ एप्रिल १९९५

चि. प्रणिता,

सप्रेम जयभीम.

तू फोनवर येत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. फोन अतुल उचलतो आणि म्हणतो, "आई, ती झोपलीय." दिवसाचे चोवीस तास कुणी झोपत नाही एवढं मलाही कळतं. पण तो बिचारा तरी काय करणार, दोन बायकांच्या कात्रीत सापडलाय. त्याच्यावर रागावू नकोस.

डिंकाच्या लाडवांचा डबा उघडलास का? लाडू बाळाचे नसतात, बाळंतिणीचे असतात. बाळ नसलं तरी तू बाळंतीणच आहेस. गार पाण्यात हात घालू नकोस आणि पोट बांधून ठेव. दूध येत असेल तर तेही त्रास देईल, डॉक्टरीणबाईंना विचार. हे सगळं मी तिथे बसून करायला हवं होतं हे मला ठाऊक आहे. तू सांगायची गरज नाही.

शनिवारी आपण बाळाला, आपल्या मैत्रीला, निरोप दिला आणि रविवारी सकाळच्या विमानाने मी परतले. संध्याकाळी आमच्या नाटकाचं ओपनिंग होतं, आधीचे खेळ नुसते प्रीव्ह्यू. मी खोलीत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी म्हटलं, "येते गं." तू काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर थांबले असते, असं आता लिहिते आहे. खरंच थांबले असते का कोण जाणे.

मी नव्हते त्या तीन दिवसांत आमच्या नायिकेचा, मार्गोचा, पोशाख डोरीननेच बदलला. डोरीन म्हणजे आमच्या कपडेखात्याची मुख्य. चाळीस सेकंदांच्या जागी पंचावन्न लागले, तेवढा वेळ वाद्यवाल्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली आणि प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. म्हणजे माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. ‘मी नसले तर खेळ बंद पडेल’ हे मीच तुला कितीदा ऐकवलं होतं!

आणि त्या दिवशीच्या, तुझ्या फोनच्या चिठ्ठीबद्दल. थिएटरच्या दारावरच्या वॉल्टरने ती मला खेळ सुटल्यावर दिली. म्हातारा माणूस आहे, सत्तरी उलटलीय, कामाच्या गडबडीत विसरला. चिठ्ठी मिळाल्या मिळाल्या मी फोन केला. तुझ्याकडे घड्याळ तीन तास मागे, तिथे तेव्हा पावणेदोन वाजत आले होते.

जेवत जा.

तुझी आई


एडिसन
१९ एप्रिल १९९५

चि. प्रणिता,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मला लिहायची सवय लागेल आणि तुला वाचायची.

इथे दुष्काळात तेरावा महिना चाललाय. सगळ्या पेपरांनी आमच्या ‘लेडी ऑफ लखनौ’ची अशी चंपी केली की विचारू नकोस. एकाने लिहिलं, खेळात मनापासून काम करणारा एकच आहे, तो म्हणजे हत्ती. आणि आमचा हत्ती प्लायवूडचा! मला हसू आलं, मग वाईट वाटलं. साठ-सत्तर माणसं वर्षभर राबलीत त्याच्यासाठी. गोऱ्या कप्तानाची बायको लखनौची बेगम होते आणि बेगम नऊवारी नेसून नाचते, हे ज्याने लिहिलं त्याला लखनौ कुठे आहे ते माहीत नाही हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. पण ते सांगणारी मी कोण! माझं काम नऊवारीचं.

तुला आठवतं ना, डोरीन कशी आली होती? ओक ट्री रोडच्या साडीच्या दुकानात मी मागच्या बाजूला ब्लाउज शिवत बसले होते. ही उंच बाई आत आली आणि म्हणाली, इंग्लिश गाउनमधून साडीत चाळीस सेकंदांत बाई उभी करून देणारं कुणी आहे का? दुकानातले सगळे हसले. मी नाही हसले. आठ दिवसांत निऱ्या शिवून, कासोटा आधीच बेतून, पाठीला चिकटपट्टी लावून अशी साडी केली की पाय घातले, ओढली, संपलं. तुझे पप्पा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात मला कुणी काही विचारलं नव्हतं, ‘आई, औषध घेतलंस का’ सोडून. पहिल्या तालमीला साडी एकोणचाळीस सेकंदांत झाली तेव्हा विंगेतले सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझ्यासाठी, प्रणिता. नागपुरात वीस वर्षं शिवणक्लास चालवला, टाळी कुणी वाजवली नव्हती.

आता चौदाशे खुर्च्यांत तीनशे माणसं बसतात. थिएटर भरल्यासारखं दिसावं म्हणून फुकट पास वाटतात. मलाही गठ्ठा दिला. मी तो ओक ट्री रोडवर वाटला. फुकट ते पौष्टिक म्हणून सगळ्यांनी घेतले, आले मात्र चौघं. बाकीच्यांना पार्किंगचा कंटाळा.

अतुलचा फोन आला होता. तो थिएटरच्या ऑफिसात वॉल्टरविरुद्ध कम्प्लेंट करणार होता. "एवढी इमर्जन्सी, आणि तो मेसेज तीन तास टेबलावर ठेवतो? धिस इज नॉट ओके, आई." मग तो म्हणाला की प्रणिताने नको म्हटलं. का ते सांगितलं नाहीस म्हणे. तुझं मन मोठं आहे, बाळा. म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, हे तू पप्पांकडून घेतलंस. बरं केलंस. मीही त्याला माफ केलंय.

मी येऊ का? सोमवारी आम्हाला सुट्टी असते. रविवारी खेळ करून निघेन, मंगळवारी परत. तू नुसतं हो म्हण.

तुझी आई


एडिसन
३ मे १९९५

चि. प्रणिता,

काल अतुलने ऑफिसमधून फोन केला. म्हणाला, "आई, तिला तुम्हाला एकच गोष्ट विचारायचीय. ती स्वतः विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. मेसेज तुम्हाला नेमका कधी मिळाला?" मी म्हटलं, सांगितलंय ना एकदा. तो म्हणाला, "हो. पण ती म्हणते, परत विचार." आणि पुढे म्हणाला की खरं उत्तर मिळाल्याशिवाय तू मला दारात उभी करणार नाहीस.

मग खरं सांगते. चिठ्ठी खेळ सुटल्यावर नाही, मध्यंतरात मिळाली. पंधरा मिनिटांचं मध्यंतर असतं, त्यात दुसऱ्या अंकाचे अकरा पोशाख लावायचे असतात. मी ती वाचली नाही, खिशात टाकली. खेळ सुटल्यावर वाचली. आधी असं सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की आईने मुद्दाम केलं. मुद्दाम कसं करेन?

सुट्टीचंही सांगून टाकते. वीस मार्चला तुझ्याकडे यायचं मी कबूल केलं होतं. पहिलं बाळंतपण आईने करायचं असतं, तुझी सासू नागपुरात आजारी, तेव्हा माझ्यावाचून तुला कुणी नव्हतं. मग मी कळवलं की डोरीन सुट्टी देत नाही. डोरीनला मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिने दिली असती. तिला स्वतःला तीन मुली आहेत. मला भीती होती की मी गेले आणि माझी साडी दुसऱ्या कुणाच्या हाताने चाळीस सेकंदांत झाली, तर? बाळाची तारीख बारा एप्रिलची आहे, ओपनिंग दोनला, तीनला निघते, हा माझा हिशोब.

बरं, फेब्रुवारीतली ती गोष्ट. पोटात दुखतंय म्हणून तू आणि अतुल हॉस्पिटलात धावलात आणि गॅस झाला म्हणून त्यांनी घरी पाठवलं, तेव्हा मी फोनवर केवढी हसले होते. अतुललाही फोन द्यायला लावून त्याच्यासमोर तुझी चेष्टा केली. "ऊठसूट डॉक्टरकडे पळायचं नाही. आधी मला विचारायचं. मी बसलेय ना इथे." तू कधी माझं काही ऐकलं नाहीस, ना शाळेत, ना लग्नात. हेच तेवढं ऐकलंस.

मोठ्या पारितोषिकांची यादी लागणार म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसले होते. आमचं एकही नाव आलं नाही. मार्गो मेकअपच्या आरशासमोर बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिची आई असावी तशी. आणि मला तुझी पाठ आठवली, भिंतीकडे तोंड केलेली.

मी येऊ ना?

तुझी आई


एडिसन
१४ मे १९९५, बुद्धपौर्णिमा

चि. प्रणिता,

शुक्रवारी दाराजवळच्या फळ्यावर कागद लागला. एकवीस तारखेचा खेळ शेवटचा. वाचायला गर्दी झाली. वॉल्टर त्याच्या खुर्चीवरून उठला आणि प्रत्येकाला दार उघडून देत राहिला. एरवी तो बसल्या बसल्या मान हलवतो. माझ्यासाठीही त्याने दार धरलं. म्हणाला, "मिसेस मेश्राम, तुमची मुलगी कशी आहे?" तो हे रोज विचारतो. मी त्याच्याबद्दल तुम्हाला काय सांगितलंय हे त्याला माहीत नाही.

आज सकाळी सुलेखा रामटेकेच्या घरी वंदना होती. पंचवीसेक माणसं जमली होती. पोरं मागे बसून इंग्रजीत कुजबुजत होती. त्रिशरण झालं, मग पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं सगळ्यांबरोबर म्हटलं. चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणायची वेळ आली तेव्हा, माझं तोंड उघडेना. पाचवं म्हणून होईपर्यंत मी तशीच हात जोडून बसले. सुलेखाला वाटलं मला चक्कर आली, तिने पाणी आणलं. चार वर्षांची होते तेव्हा बाबांच्या मांडीवर बसून शिकलेलं आहे हे. आजवर अडखळले नव्हते.

तर ऐक. आता लपवत नाही.

चिठ्ठी मला एक वाजून पंचवीस मिनिटांनी मिळाली. दुपारच्या खेळाआधी. मी आत येत होते, वॉल्टरने हाक मारून हातात दिली आणि म्हणाला, "शी साउंडेड स्केअर्ड." मी तिथेच उभी राहून वाचली. "मुलीचा फोन. बाळ रात्रीपासून हलत नाही. घरी फोन करा." तुझ्याकडे तेव्हा सकाळचे दहा पंचवीस झाले होते. फोन समोरच्या भिंतीला होता, पाच पावलांवर. त्याच्यावर कुणी नव्हतं. गर्दी होती असं लिहायचं आत्ताही मनात आलं, पण कुणीही नव्हतं.

त्या खेळाला पेपरवाले आले होते. ज्यांच्या हातात आमचं मरण-जगणं होतं ते सगळे त्या दुपारी बसले होते. दीड वाजता आत हजर व्हायचं, त्यानंतर कुणी बाहेर पडत नाही. माझ्या हातात पाच मिनिटं होती. मी मनाशी म्हटलं, शेवटच्या दिवसांत पोरं कमीच हलतात, पोटात जागा उरत नाही. तुझ्या वेळी तूही दोन-दोन दिवस गप्प असायचीस. हे मी शेजारपाजारच्या पन्नास बायकांना सांगितलंय, तेच स्वतःला सांगितलं आणि चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात ठेवली.

पण ते कारण नव्हतं. मला भीती वाटली की फोनवर तू रडशील आणि म्हणशील, आई, ये. तू ये म्हणाली असतीस तर मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून मी फोन केला नाही.

मध्यंतरातही केला नाही. पंधरा मिनिटं होती. मी मार्गोच्या दुसऱ्या साडीच्या निऱ्यांना इस्त्री करत होते. चिठ्ठी खिशात आहे हे मला प्रत्येक क्षणी कळत होतं. वाकले की कागद वाजायचा.

आणि अजून एक. त्या दिवशी साडी छत्तीस सेकंदांत झाली. इतकी लवकर आधी कधी झाली नव्हती, पुढेही नाही. डोरीनने अंधारात माझा खांदा दाबला आणि मला आनंद झाला, प्रणिता. खिशात तुझी चिठ्ठी असताना मला आनंद झाला. हे तुला लिहिलं नाही तर बाकीचं सगळं लिहून उपयोग नाही.

वॉल्टर विसरला नव्हता. तो काही विसरत नाही.

आता ये म्हणू नकोस. मी येऊ का, असंही विचारत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नेमकी वेळ कुणालाच सांगता येणार नाही, तीन तास आधी आली असतीस तरी कदाचित हेच झालं असतं. त्या ‘कदाचित’ला धरून मी दीड महिना बसले होते. तुला खरं हवं होतं, ते हे आहे.

आई


एडिसन
२२ मे १९९५

प्रणिता,

काल खेळ संपला. शेवटच्या दिवशी थिएटर भरलं होतं. मरायला टेकलेल्याला बघायला माणसं येतात तशी आली. पडदा पडल्यावर तासाभरात सुतार आले आणि त्यांनी हत्तीचे चार तुकडे केले. मी आणि डोरीनने साड्या खोक्यांत भरल्या. डोरीनने विचारलं, एक ठेवून घेतेस? मी नको म्हटलं.

आणि आज सकाळी तुझा फोन आला. तुझ्याकडे सहासुद्धा वाजले नसतील. तू "आई" म्हणालीस तेव्हा मी खुर्चीत बसले. तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते. मला सगळं नीट ऐकू आलं हे तुला कळावं म्हणून, आणि पुढे मी त्यातलं काही बदलू नये म्हणून. माझा काही भरवसा नाही हे आता आपल्या दोघींना ठाऊक आहे.

तू म्हणालीस, "पत्र मिळालं. पण आय न्यू, आई. मला त्याच दिवशी माहीत होतं."

मी विचारलं, कसं?

"मी परत फोन केला होता थिएटरला. सव्वाअकराला. तुमच्याकडे सव्वादोन. त्या म्हाताऱ्याने उचलला. मी विचारलं, माझा मेसेज आईला मिळाला का? तो म्हणाला, ‘येस मॅम, आय पुट इट इन हर हँड मायसेल्फ. शी रेड इट.’ खेळ सुरू झालाय, पण मी तिला विंगेतून बोलावून आणतो, तुम्ही लाइनवर थांबा, असंही म्हणाला. चांगला होता गं तो."

मी म्हटलं, मग?

"मग मीच नको म्हटलं. म्हटलं, तिने वाचलीय ना, मग ठीक आहे. मी हॉस्पिटलला निघाले होते, आई. पर्स हातात होती, शेजारची चैत्राली गाडी काढत होती. मी तिला थांबवलं. मला वाटलं, आईने वाचलंय आणि ती फोन करत नाही, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार. असतं तर तिने काम टाकून फोन केला असता."

 तू पुढे म्हणालीस, "मग मी डाव्या कुशीवर पडले. आणि साडेअकराला ती एकदा हलली. जोरात नाही, हळूच. मी म्हटलं, बघ, आईला बरोबर माहीत असतं. आणि मला झोप लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छान झोप लागली."

एवढं बोलून तू फोन अतुलला दिलास. तो काय बोलला ते मला आठवत नाही.

मी दीड महिना समजत होते की मी तुला उत्तर दिलं नाही, आणि त्याची माफी कशी मागायची याचाच विचार करत होते. तू तर माझं उत्तर ऐकून, त्याच्यावर विश्वास ठेवून पर्स खाली ठेवली होतीस. साडेअकराला ती होती. चैत्रालीची गाडी दारात होती.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर मी फोन केला तेव्हा बऱ्याच वेळाने तू उचललास आणि "हॅलो" म्हणालीस. मला तो आवाज आठवतो. झोपेतून उठल्याचा होता, जड, लहानपणी शाळेसाठी उठवायचे तेव्हा असायचा तसा. तो ऐकून मला हायसं वाटलं होतं.

आई